जहाजावरचा खिदमतगार : सुइटमधील बटलरसेवा आपल्या कुटुंबाने कशी घ्यावी?

दुबई, दोहा, रियाधला नोकरी करणारी मुले अम्मी-अब्बांना पूर्वी घड्याळ, अत्तर, फार तर एखादा मोबाइल पाठवीत. आता काही मुले समुद्रप्रवासाचे तिकीट पाठवतात. कॅम्प, कोंढवा, मोमिनपुरा अशा आपल्या वस्त्यांतूनही क्रूझला जाऊन आलेली कुटुंबे आता भेटतात. मुलाने हौसेने मोठी खोली, म्हणजे सुइट, घेतलेला असतो आणि तिकिटावर लिहिलेले असते : ‘बटलर सेवा समाविष्ट’. इथेच घोळ सुरू होतो.

अशा कुटुंबांचे दोन प्रकार आम्ही पाहिले. आमच्या ओळखीच्या एका खालांनी चार दिवसांत बटलरला कपसुद्धा उचलू दिला नाही. तो दारात आला की या उठून उभ्या राहत. दुसऱ्या एका कुटुंबातील मुले रात्री दोन वाजता घंटी वाजवून आइस्क्रीम मागवीत आणि मोठी माणसे कौतुकाने हसत. खालांनी मुलाच्या पैशाचा उपयोग होऊ दिला नाही. दुसऱ्यांनी एका कष्टाळू माणसाची झोप मोडली. सेवा घेणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, म्हणून हा लेख.

बटलर म्हणजे कोण?

हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘बाटली’ आहे. श्रीमंतांच्या घरी मद्याचे कोठार सांभाळणारा तो बटलर. आपल्याकडचा ‘खानसामा’ फारसीतून आला. सामानसुमानाचा, कोठीचा मुख्य असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजी अमलात पुणे कॅम्पातील साहेबांच्या बंगल्यांत दोन्ही शब्द नांदले. पुढे पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर जेवणघर आणि प्रवाशांच्या खोल्या सांभाळण्यासाठी गोव्याची माणसे मोठ्या संख्येने लागली. आपल्या कोकणी मुसलमान घरांतही जहाजावरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणजे पाहुणा म्हणून जहाजावर चढणे आपल्याला नवे असेल, पण जहाजावर राबणे नवे नाही. हजचे म्हणाल, तर मुंबईहून जेद्दाहला जाणारी हाजींची जहाजे १९९५ साली बंद झाली. त्या जहाजांतून गेलेले बुजुर्ग आजही आपल्यात आहेत.

कोणत्या जहाजावर, कोणते काम?

बटलर प्रत्येक जहाजावर आणि प्रत्येक खोलीला नसतो. एमएससी कंपनीच्या ‘यॉट क्लब’ विभागात, नॉर्वेजियन कंपनीच्या ‘हेवन’मध्ये, सिंगापूरहून निघणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’च्या ‘पॅलेस’ विभागात तो असतो. सिल्व्हरसीच्या जहाजांवर तर प्रत्येक सुइटला असतो. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर सुइट घेत असाल तर बुकिंगच्या कागदावर ‘बटलर’ हा शब्द आहे का ते पाहा. ‘सुइट’ म्हणजे बटलर आलाच, असे नाही.

खोली झाडणे, चादरी बदलणे हे काम स्टुअर्डचे असते. बटलर त्याच्या वरचा. सामान उघडून कपाटात लावणे, कपडे इस्त्रीला देणे, बूट चमकावणे, नाश्ता किंवा जेवण खोलीत मांडणे, दुपारचा चहा आणणे, जेवणघरातले टेबल आणि बंदरावरच्या सहली राखून ठेवणे, चढता-उतरताना गर्दीतून वाट काढून देणे ही त्याची कामे. मात्र तो एकट्या तुमचा नसतो. त्याच्याकडे अनेक सुइट असतात. म्हणून त्याला दिवसभर बोलावत बसण्यापेक्षा आपला दिनक्रम पहिल्याच भेटीत सांगून टाकावा. अनुभवी प्रवासी तेच करतात.

पहिली भेट : काय सांगावे?

बटलर पहिल्या दिवशी दुपारी ओळख करून द्यायला येतो. तेव्हा कागदावर लिहून ठेवलेल्या गोष्टी त्याच्या हाती द्याव्यात.

पहिली गोष्ट मद्याची. सुइटमधल्या छोट्या फ्रिजमध्ये बहुधा दारूच्या बाटल्या असतात आणि स्वागताला शॅम्पेनही ठेवलेली असते. हे सारे काढून तिथे पाणी, दूध, फळांचा रस ठेवायला सांगा. मूळचा बाटल्या सांभाळणारा बटलर आपल्यासाठी बाटल्या उचलण्यापासून कामाला लागतो! यात संकोच करू नये; त्याला अशा विनंत्यांची सवय असते.

दुसरी, न्हाणीघराची. अनेक परदेशी जहाजांवर संडासात नळी किंवा मग नसतो. एक जग किंवा प्लास्टिकचे भांडे मागून घ्या. बुजुर्गांची अर्धी अडचण इथेच सुटते.

तिसरी, पर्द्याची. न विचारता आत येऊ नये, आधी फोन करावा, खोलीत फक्त स्त्रिया असतील त्या वेळा टाळाव्यात, हे स्पष्ट सांगा. दारावर लावायची पाटी वापरा. स्त्री बटलर किंवा स्त्री स्टुअर्ड मिळेल का, हेही विचारता येते.

चौथी, तब्येतीची. इन्सुलिन थंड ठेवायचे असेल, मीठ-साखर कमी हवी असेल, चढता-उतरताना चाकाची खुर्ची लागणार असेल, तर वेळेसह लिहून द्या. किटली आणि इस्त्री घरून नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या त्या जहाजावर नेऊ देत नाहीत. गरम पाणी आणि इस्त्री, दोन्ही बटलरकडे मागावे.

हलाल जेवण आणि नमाज

बटलरला भर समुद्रात हलाल गोश्त पैदा करता येत नाही. जहाजाचा शिधा बंदरावर भरला जातो. म्हणून हलाल जेवणाची मागणी बुकिंगच्या वेळीच, लेखी, कंपनीकडे नोंदवायला हवी आणि त्यांचे लेखी उत्तर जवळ ठेवायला हवे. बटलर पुढचे काम करतो : मुख्य आचाऱ्याची भेट घालून देणे, रस्स्यात वाइन आहे का, गोड पदार्थात कसले जिलेटिन आहे, मासा कोणत्या तव्यावर भाजला, हे विचारून सांगणे. शंका असेल तेथे मासे, अंडी, डाळ-भाजी यांवर चार दिवस सुखाने निघतात. ‘गेंटिंग ड्रीम’वर हलाल प्रमाणित स्वयंपाकाची सोय आहे. सौदी अरेबियाचे ‘अरोया’ हे जहाज डिसेंबर २०२४ पासून जेद्दाहहून निघू लागले. त्यावर मद्य दिलेच जात नाही.

किब्ल्याचे म्हणाल, तर जहाज वळत राहते. सकाळी खिडकीकडे असलेली दिशा असरला दाराकडे गेलेली असते. पोलादी भिंतींमुळे मोबाइलचे होकायंत्रही फसवते. खोलीतल्या टीव्हीवर जहाजाचा नकाशा आणि दिशा दाखवणारी वाहिनी बहुधा असते; ती लावून द्यायला बटलरला सांगा. मुंबईच्या किनाऱ्यावरून किब्ला साधारण पश्चिमेला येतो, दुबईजवळ पश्चिम-नैऋत्येला, सिंगापूरजवळ पश्चिम-वायव्येला. एक स्वच्छ चादर जास्तीची मागून ठेवा. फजरच्या वेळी चहा हवा असेल तर तो आदल्या रात्रीच सांगा.

ताटाच्या पलीकडचा माणूस

आता जरा त्याच्या बाजूने पाहू. जहाजावरचा कामगार सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर घरापासून दूर असतो. ‘सागरी श्रम करार २००६’ हा जागतिक कायदा २०१३ पासून लागू आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार कामगाराला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हिशेब उलटा करून पाहा : दिवसाला १४ तासांपर्यंत काम कायद्यातच बसते. रात्री दोनच्या आइस्क्रीमची किंमत तेव्हा कळते.

आणि हा माणूस परका नाही. तो गोव्याचा असेल, रत्नागिरीचा असेल, इंडोनेशियाचा दीनी भाऊही असेल. आपल्या पुण्यातच आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. आम्ही ज्या मुलांना वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यांतलीच काही उद्या हातात ट्रे घेऊन अशा दारावर टकटक करणार आहेत. दार उघडणाऱ्याने त्यांच्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटते?

हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषित मुहम्मद (स.) यांची खिदमत केली. त्या दहा वर्षांत आपल्याला एकदाही ‘उफ्’ म्हटले गेले नाही, हे त्यांनीच सांगितले आहे. खिदमत कशी घ्यावी याचा याहून मोठा धडा कोणता?

म्हणून बटलरचे नाव विचारा आणि त्याला नावाने हाक मारा. मुलांना घंटीपासून दूर ठेवा आणि ‘प्लीज’, ‘शुक्रिया’ म्हणायला लावा. खालांसारखे संकोचूही नका. त्याचे काम त्याला करू देणे हाही त्याचा आदरच आहे.

बक्षिसीचा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुतेक जहाजांवर रोजचा सेवा-आकार माणशी बिलात लागतो. काही कंपन्यांत त्यातला वाटा बटलरला मिळतो, काहींत मिळत नाही. निघण्यापूर्वी हे विचारून तेवढी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा आणि शेवटच्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने द्या. शेवटी मिळणाऱ्या अभिप्राय-पत्रकात त्याचे नाव घालून दोन ओळी लिहा. त्या वरिष्ठांपर्यंत जातात आणि बढतीच्या वेळी कामी येतात.

सुइटचे भाडे साध्या खोलीच्या कित्येक पट असते. ऐपत नसताना कर्ज काढून घ्यावी अशी ही चीज नव्हे; साध्या खोलीतूनही समुद्र तोच दिसतो. पण मुलाने प्रेमाने दिले असेल, तर अम्मी-अब्बांनी आयुष्यभर इतरांसाठी केल्यानंतर चार दिवस कोणी त्यांच्यासाठी चहा आणावा, यात गैर काही नाही. चहा आणणाऱ्याला आपणही दुआ दिली की झाले.