सतरंजीवरची पुस्तकं

दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घालायला वाचनालयात गेले होते. देवघेवीच्या टेबलाशी ही झुंबड. पलीकडे बालविभागात मात्र एक ताई पुस्तक उघडून स्टुलावर उभं करत, मागे सरकत भिंतीपर्यंत जात आणि तिथून डोळे बारीक करून बघत. मग येऊन पुस्तक मिटत आणि दुसरं लावत. काय बघताय, असं विचारलं तर म्हणाल्या, "आठ फूट. शेवटच्या रांगेतलं पोर एवढ्या लांब बसतं. त्याला चित्र दिसलं नाही की ते शेजारच्याला चिमटे काढतं."

दिवाळीच्या सुट्टीत इथे दुपारी गोष्टींचा तास असतो. मुलं चार ते सात वर्षांची. त्यासाठी पुस्तकं निवडणं चाललं होतं. ताईंनी बसू दिलं, म्हणून पुढेही जात राहिले.

कपाटातून पुस्तकं काढणं, दाखल क्रमांक टिपणं, सुटलेली पानं चिकटवायला बाजूला ठेवणं हे झरझर उरकतं. वेळ जातो तो स्टुलापाशी. एका पुस्तकात अंगणभर रांगोळी होती, तिचा ठिपका न् ठिपका रंगवलेला. हातात धरलं तर नजर हटत नव्हती, पण आठ फुटांवरून तिथे नुसता करडा डाग दिसत होता. "वाईट नाही हे. मांडीवरचं आहे, सतरंजीवरचं नाही," असं म्हणत ताईंनी ते घरी न्यायच्या गठ्ठ्यात ठेवलं. दुसऱ्या एका पुस्तकात कुत्र्याचं तोंड नेमकं दोन पानांच्या मधल्या घडीत गेलेलं. तिसऱ्याचा कागद इतका गुळगुळीत की ट्यूबलाइट त्यातच चमकत होती.

नजरेतून पास झालेलं पुस्तक मग मोठ्यानं वाचलं जातं. जीभ अडखळली तिथे पेन्सिलीची बारीक खूण होते. खुणा फार झाल्या तर पुस्तक बाद. भाषांतरित पुस्तकं बहुतेक इथेच अडकतात, कारण वाक्य मराठी असलं तरी कुणाच्या तोंडी बसत नाही. नव्या खरेदीला पैसे थोडे, त्यामुळे 'प्रथम बुक्स'नं 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या मोफत मराठी गोष्टीही ताई चाळतात आणि त्यांनाही हीच परीक्षा लावतात.

सणाच्या पुस्तकांशी ताईंचं खरं भांडण आहे. वसुबारस एका पानावर, धनत्रयोदशी दुसऱ्यावर, असं भाऊबिजेपर्यंत जाणारं एक पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "यात कुणाला काही हवंय का? कुणाचं काही हरवलंय का? मग गोष्ट कुठाय?" पानोपानी नवे कपडे, प्रशस्त अंगण, फटाक्यांचा ढीग. दुपारी सतरंजीवर बसणाऱ्या बऱ्याच मुलांच्या आया त्या वेळी दुसऱ्यांच्या फराळाच्या ऑर्डरी तळत असतात. मुलं इथे येतात ती घरात पाय ठेवायला जागा नसते म्हणूनही. त्यांच्यापुढे असलं पुस्तक धरणं मलाही क्रूर वाटलं.

म्हणून दिवाळीच्या गठ्ठ्यात दिवाळी अगदी थोडी आहे. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आहे. त्यांचं 'चित्रवाचन'ही आहे. बारकाव्यांनी भरलेली ती चित्रं आठ फुटांवरून दिसणार नाहीत, हे ताईंना पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी रांगा मोडायच्या, मुलांना पुस्तकाभोवती गोळा करायचं आणि कोण काय करतंय ते त्यांनीच सांगायचं. "त्या दिवशी मी गप्प," असं म्हणताना ताई खुलल्या होत्या.

वाचनालयाच्या समितीतून दरवर्षी बोधपर पुस्तकांची मागणी येते, आणि तास संपला की पालक विचारतात, यातून मुलं शिकली काय. मला हा प्रश्नच खटकतो. आपण दिवाळी अंक घेताना तात्पर्य विचारत नाही. 1909 साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मोठ्यांच्या सुट्टीतल्या वाचनासाठी संपादक, चित्रकार, लेखक महिनोन् महिने राबत आले आहेत. ज्यांना अजून अक्षर लागत नाही, त्यांची दिवाळी दुसऱ्याच्या आवाजावर चालते. त्यांचा संपादक म्हणजे ही एकटी बाई, आणि तिचं हे काम बहुतेक वेळा वाचनालय बंद झाल्यावर, दिवे घालवायच्या आधीच्या तासाभरात चालतं.

नोंदवहीत किती पुस्तकं आली, किती गेली, याचे रकाने आहेत. कोणती का नाकारली, याला रकाना नाही, म्हणून तो वेळही कुणाच्या हिशेबात नाही. पण गोष्टींचा तास चांगला होतो तो या नाकारण्यामुळेच. अंकांच्या योजनेला माणूस नेमणाऱ्या वाचनालयानं या निवडीलाही कामाच्या वेळेतले तास द्यावेत आणि त्याचे पैसे द्यावेत.