पायथ्याचं गढूळ पाणी

२ जुलै २०१९. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. चिपळूण तालुक्यात दिवसभर धो धो पाऊस कोसळत होता. तिवरे गावचं धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली डझनभर घरं काही मिनिटांत वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. शोधपथकांना कित्येक मृतदेह नदीच्या पात्रात काही किलोमीटर खाली सापडले.

धरण जेमतेम वीस वर्षांचं होतं. भिंत गळतेय, अशा तक्रारी गावकऱ्यांनी पावसाळ्याआधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं, आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा खेकड्यांभोवतीच फिरत राहिली. खेकडे, घुशी, वाळवी मातीची भिंत पोखरतात हे खरंच आहे. पण पडलेलं बीळ वेळीच शोधणं आणि बुजवणं हे माणसाचं काम, आणि गावाचा प्रश्न त्याच कामाविषयी होता.

मातीच्या धरणाची रचना समजायला सोपी असते. मध्ये काळ्या चिकणमातीचा, पाणी अडवणारा गाभा. दोन्ही अंगांना मुरुमाचं कवच. पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा झेलणारं दगडी पिचिंग. जादा पाणी सुखरूप वाहून जावं म्हणून एका कडेला सांडवा. थोडं पाणी भिंतीतून पाझरतंच. ते काढून द्यायला आत वाळूचे थर आणि पायथ्याशी चर ठेवलेले असतात. पाझर दिसला म्हणजे धरण बिघडलं, असं मुळीच नाही.

पाहायचा असतो त्या पाण्याचा रंग. पायथ्याशी झिरपणारं पाणी काचेच्या बाटलीत भरून थोडा वेळ ठेवावं. नितळ राहिलं तर ठीक. तळाशी मातीचा थर बसला, तर भिंतीच्या पोटातली माती कणाकणानं बाहेर येतेय असं समजावं. आत बारीकशी वाट तयार होते, ती पाण्याच्या दिशेनं मागे मागे सरकत जाते आणि जलाशयाला मिळाली की भिंत तासाभरातही फुटू शकते. अभियंते याला पायपिंग म्हणतात.

गळती मोजायची सोयही साधी आहे. पायथ्याच्या चरात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली पत्र्याची पाटी बसवतात. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीनं मोजायची आणि त्या दिवशीच्या जलपातळीसह नोंदवहीत लिहायची. ही उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढलेला असतो. तळ्यातली पातळी तेवढीच असताना खाचेतलं पाणी वाढलं, तर त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायला हवं. पण पाटी गाळात बुडालेली आणि नोंदवही कोरी असेल, तर हा बदल कळणार कोणाला?

धोक्याच्या बाकीच्या खुणाही उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. माथ्यावर लांबीच्या दिशेनं गेलेली भेग. उतारावर खचून आलेला खळगा. भिंतीवर वाढलेल्या बाभळी: झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. सांडव्यात माजलेली झुडपं किंवा मासे अडवायला घातलेला बांध तर फारच घातक, कारण सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जातं आणि मातीची भिंत ते सोसू शकत नाही.

नुसत्या वयानं धरण धोक्यात येत नाही. सोलापूरजवळचा एकरूख तलाव १८७१ सालचा, त्याची मातीची भिंत दीडशे वर्षांनंतरही उभी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव त्याहून जुने. कोहळी समाजानं ते बांधले, आणि पाळीवर माती टाकणं, सांडवा मोकळा ठेवणं ही गावाचीच जबाबदारी मानली जाई.

उलट पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं ते बांधकाम पुरं होण्याआधीच. पाणी सोडण्यासाठीच्या, अर्धवट राहिलेल्या विमोचकातून पाणी वेगानं धावू लागलं, वरची भिंत खचू लागली. जवानांनी रात्रभर माथ्यावर वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी भिंत गेली, पाठोपाठ खालचं खडकवासला धरणही गेलं. मात्र त्या पोत्यांनी मिळवलेल्या काही तासांमुळे लोंढा पुण्यात शिरला तो दिवसाउजेडी. भररात्री आला असता तर आणखी किती जीव गेले असते!

वेळेवर नजर पडली तर काय होतं, हे मध्य प्रदेशानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये दाखवलं. धार जिल्ह्यातल्या कारम नदीवरच्या नव्या धरणाच्या भिंतीतून पाणी येताना दिसलं. खालची अठरा गावं रिकामी केली गेली आणि यंत्रांनी बाजूनं चर खोदून जलाशय उतरवला. धरणाचं नुकसान झालं, माणसं मात्र वाचली.

देशाचा धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्यानं सक्तीची केली. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधली धरणं त्यात येतात ती किमान ५०० मीटर लांबी किंवा किमान १० लाख घनमीटर साठा यांसारखी एखादी अट पुरी केली तरच. गावोगावचे असंख्य पाझर तलाव आणि लघु पाटबंधारे तलाव या चाळणीतून निसटतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाच्या योजना जिल्हा परिषदेकडे असतात. तिथे एका शाखा अभियंत्याच्या वाट्याला अनेक तलाव येतात, आणि चौकीदाराचं पद रिकामं राहिलं तर भिंतीवरून रोज चालणारं कोणी उरत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तलाव काठोकाठ भरलेले असतील. पाण्याचा दाब सर्वाधिक असतो तो आत्ता, आणि पाऊस थांबल्यामुळे पायथ्याशी दिसणारं पाणी आभाळातलं की भिंतीतलं, हा संशयही राहत नाही. रब्बीची पाटपाळी ठरवायला पाणीवापर संस्थेची माणसं याच दिवसांत तलावावर जमतात. माथ्यावरून पाणी पाहून झालं की त्यांनी पलीकडच्या उतारानं खाली उतरावं, गवत बाजूला सारून पायथ्याच्या चराशी बसावं आणि सोबत नेलेली बाटली भरून घ्यावी.