गंगेतील सोंस आणि मच्छीमारांचा हक्क

बिहार राज्यातील भागलपूर जिल्ह्यात सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरांचा प्रवाह १९९१ साली ‘विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. याच प्रवाहावर जमीनदारांची ‘पाणीदारी’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मासेमारीसाठी द्यावा लागणारा हा कर नष्ट व्हावा म्हणून १९८२ साली कहलगाव येथे ‘गंगा मुक्ती आंदोलन’ उभे राहिले, आणि १९९१ सालीच पारंपरिक मच्छीमारांना नदी करमुक्त झाली. एका हाताने मिळालेला हक्क दुसऱ्या हाताने संकुचित झाला, असे मल्लाहांस वाटले, तर त्यात नवल नाही.

गांगेय डॉल्फिन, म्हणजेच स्थानिक भाषेतील ‘सोंस’, हा जवळजवळ अंध प्राणी आहे. स्वतःच्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तो भक्ष्य शोधतो व श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर येतो. नायलॉनच्या जाळ्यात अडकल्यास त्याला वर येता येत नाही व तो गुदमरून मरतो. शिवाय त्याची चरबी काही मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून वापरली जात असे. यास्तव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले.

तथापि सर्व दोष जाळ्यावर टाकणे युक्त नव्हे. १९७५ साली कार्यान्वित झालेल्या फराक्का धरणामुळे समुद्रातून वर येणाऱ्या हिलसा माशाची वाट अडली व वरच्या भागातील मच्छीमारांचे उत्पन्न घटले. मोठे मासे दुर्मिळ झाले, की बारीक डोळ्यांची जाळी वापरली जातात. त्यांत लहान मासे व पिल्ले सापडतात. सोंस प्रामुख्याने लहान मासेच खातो. म्हणजे ज्या कारणाने मच्छीमार दरिद्री होतो, त्याच कारणाने सोंसही उपाशी राहतो.

येथे ‘हक्क’ या शब्दाचा नेमका अर्थ पाहणे अगत्याचे ठरते. करमुक्ती म्हणजे नदीच्या व्यवस्थापनाचा अधिकार नव्हे. जमीनदार गेला, परंतु त्याच्या जागी नियम करणारी व ते पाळवून घेणारी मच्छीमारांची संस्था अधिकृतपणे आली नाही. अशा अनिर्बंध पाण्यात बळवंताचे फावते आणि सरसकट बंदीचा भार मात्र लहान नावेवाल्यावर पडतो.

उपर्युक्त कायद्यातच अभयारण्यातील लोकांच्या हक्कांची जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करावी व काही हक्क चालू ठेवता यावेत, अशी तरतूद आहे. तिचा उपयोग करून सोंसाच्या वावराचे खोल डोह जाळीमुक्त ठेवणे, मच्छरदाणीसारखी जाळी वर्ज्य करणे आणि उर्वरित प्रवाहात नोंदलेल्या पारंपरिक मच्छीमारांनाच प्रवेश देणे, हा मार्ग संभवतो. मात्र जाळीमुक्त डोह कोणते, हे मच्छीमारांशी विचारविनिमय करूनच ठरले पाहिजे; नाही तर तो नियम त्यांना नव्या पाणीदारीसारखाच भासेल.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार भारतात ६,३२७ नदी-डॉल्फिन असून त्यांपैकी २,२२० बिहारमध्ये आहेत. त्यांचे रक्षण नदीवर दिवसरात्र असणाऱ्या मनुष्याच्या सहकार्यावाचून अशक्य आहे. आणि ज्याचा हक्क अनिश्चित, त्याच्याकडून सहकार्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.