आशा: जिवाचा नांगर



दिवाळी सरली की सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर घरांना कुलपे लागतात. नंदुरबार-धुळे भागातली आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, काही वीटभट्ट्यांवर जातात. नाताळ येतो तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसे आणि थोडी मुले उरतात. त्यांच्यासमोर ‘ख्रिस्त आमची आशा आहे’ असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो?

रोजच्या बोलण्यात आशा म्हणजे ‘होईल बहुतेक, बघू’. पाऊस पडेल, मुकादम हिशेब नीट करील. पवित्र शास्त्रातील आशा मात्र देवाच्या वचनावर उभी असते. अंधारातल्या लोकांना प्रकाश दिसेल असे यशयाने सांगितले, त्यानंतर सुमारे ७०० वर्षांनी बेथलेहेमात बाळ जन्मले. तेही नावनोंदणीसाठी गाव सोडून आलेल्या जोडप्याच्या पोटी, परक्या ठिकाणी. त्याला गव्हाणीत निजवले. मंदिरात मरीया व योसेफाने अर्पण केले तेही गरिबांना परवडेल असे, पाखरांच्या जोडीचे. उसाच्या फडाजवळच्या कोपीत बाळंत होणाऱ्या आईला सांगता येईल, की देव याच वाटेने आला.

त्या मंदिरात शिमोनाने बाळाला हातांवर घेतले. रोमी सत्ता तशीच होती. बाळाने अजून काहीच केले नव्हते. तरी शिमोन तृप्त झाला, कारण देवाने शब्द पाळला होता.

इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. तिथे अर्थ गलबताच्या नांगराचा आहे. डोंगरातल्या माणसाला मात्र शेतातला नांगर आठवतो. आपल्या भाषेतला हा एकच शब्द दोन्ही गोष्टी शिकवतो. गलबताचा नांगर वादळात धरून ठेवतो: देव आला आहे, तो आपल्याला सोडणार नाही. शेतातला नांगर पीक दिसण्याआधीच चालू लागतो: देवाचे राज्य पूर्णपणे यायचे आहे, तोवर आपल्या हाताला काम आहे. मागे राहिलेल्या मुलांची शाळा सुटू नये, आजी-आजोबांचे औषध चुकू नये, घेतलेल्या उचलीचा हिशेब मजुराला स्वतः वाचता यावा, हेच ते काम.

या नाताळात दारावर चांदणी लावाल तेव्हा कुलूप लागलेल्या एका घरासाठी प्रार्थना करा. हंगाम संपला की ते कुटुंब परत येईल. त्या वेळी आपण त्यांच्यासाठी तिथे असलो पाहिजे.

आपणा सर्वांना ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा.