आजोबांच्या फितींचा माग

मुंबईत करी रोडच्या चाळींत कोकण-घाटावरून गिरणीत आलेली कुटुंबं राहिली. त्याच मुलुखातून फौजेत भरतीही होई, म्हणून जुन्या ट्रंकेत एखादी रंगीत फितींची पट्टी सापडू शकते. गणवेशावर रोज पदकांऐवजी ही पट्टी डाव्या छातीवर लावतात.

आधी रंग ओळखा. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं ‘इटली स्टार’ पदक; मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्हीकडे निळ्यात नारिंगी रेघ असेल तर ‘बर्मा स्टार’. इटलीतच यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) या मराठा सैनिकांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

फीत मोहीम सांगते, माणूस नाही. पहिल्या महायुद्धाचं गोल पदक असेल तर कडा भिंगाखाली धरा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. मग डिस्चार्जचे कागद, पेन्शनबुक शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव केंद्रात चौकशी करा. युद्धात मृत्यू झाला असल्यास राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत नाव पाहा.

पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. पट्टी विकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्या.