रांगेचा आलेख

जुन्या मराठी पुस्तकांची पाने स्कॅन करून ती स्वच्छ आणि वाचनीय करण्याचे काम मी ज्या संगणकावर करीत असतो, त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चिमुकली खिडकी अहोरात्र उघडी असते. तिचे नाव एक्सलोड. तिच्यावर बटण नाही, मेनू नाही, ती काही विचारीत नाही आणि काही सुचवीतही नाही. वरती यंत्राचे नाव आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे वाढत जाणारा एक काळा आलेख, एवढाच तिचा ऐवज. दर 10 सेकंदांनी कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, दप्तरातून एक आकडा उचलायचा आणि त्या आकड्याच्या उंचीची, एका ठिपक्याएवढी रुंद अशी उभी रेघ आधीच्या रेघेला चिकटवून ओढायची, हा तिचा नेम. माझी खिडकी 120 ठिपके रुंद ठेवलेली असल्यामुळे तिच्यात 20 मिनिटांची रोजकीर्द मावते, आणि शेवटची रेघ उजव्या काठाला भिडली म्हणजे सगळा आलेख अर्ध्या रुंदीने मागे सरकून पुढच्या 10 मिनिटांसाठी कोरी जागा करून देतो.

हा आकडा नेमका कशाचा, हे समजून न घेता त्याच्याकडे पाहणारा मनुष्य हटकून फसतो. मामलेदाराच्या कचेरीत दिवसभरात किती अर्ज निकालात निघाले ही एक गोष्ट, आणि या घटकेला किती पक्षकार आत साहेबांसमोर आणि किती बाहेर ओसरीवर उभे आहेत ही दुसरी. लोड म्हणून जे मोजले जाते ते हे दुसरे. प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याच्यासाठी रांगेत उभी असलेली कामे मोजायची, आणि त्या गणतीची सरासरी काढायची. माझ्या यंत्रात दोन कोअर आहेत, म्हणून 2 हा आकडा माझ्या दृष्टीने भरलेल्या पण तुंबलेल्या नव्हे अशा कचेरीचा. तोच एका कोअरच्या यंत्रावर आला असता, तर एक आत आणि एक दाराबाहेर असा त्याचा अर्थ झाला असता. ही कल्पना या खिडकीपेक्षाही वयाने मोठी आहे. 1973 साली अमेरिकेतील टेनेक्स या प्रणालीच्या लोडचे आलेख प्रसिद्ध झालेले आहेत, आणि ज्या एक्स विंडो प्रणालीच्या सोबतीने एक्सलोड आली, ती 1984 साली एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांच्या हातून आकाराला येऊ लागली. एकेका यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करीत असत तो हा काळ. आपल्या आज्ञेला उशीर का होतो आहे हे जाणण्याची गरज तेव्हा प्रत्येकाला होती. कीबोर्डावरचे दिवे लोडच्या संख्येइतके उजळावेत अशीही एक सोय या कार्यक्रमात करून ठेवलेली आहे, आणि ती वाचली तेव्हा त्या माणसांविषयी मला फार आत्मीयता वाटली.

एका निवांत रात्री, यंत्र रिकामे असताना, मी एक कधीही न संपणारे पोकळ काम मुद्दाम सुरू केले आणि घड्याळ पुढ्यात ठेवून पाहत बसलो. काम एक, म्हणून आकडाही तत्काळ 1 व्हावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु एक मिनिट उलटले तेव्हा तो 0.63 च्या आसपास होता, दोन मिनिटांनी 0.86, तिसऱ्या मिनिटाअखेर 0.95, आणि आलेखाची कड नव्या पात्रात पाणी चढावे तशी आधी वेगाने व मग मंदावत वर गेली. याचे कारण माझ्या यंत्रावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या हिशेबपद्धतीत आहे. सुमारे 5 सेकंदांनी एकदा कर्नल कामांची मोजदाद करते, आणि तेव्हा जुन्या सरासरीचे 2048 पैकी 1884 भाग राखून उरलेले 164 भाग ताज्या गणतीला देते. कर्नलमध्ये अपूर्णांकांचे गणित टाळण्याचा दंडक असल्यामुळे हे सारे पूर्णांकांतच उरकले जाते. म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या ज्या सरासरीला आपण एका मिनिटाची म्हणतो, तिच्यात त्या मिनिटापूर्वीच्या काळाचा एकतृतीयांशाहून थोडा अधिक अंश शिल्लक असतो. कर्नल ठेवते त्या पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासऱ्याही याच रीतीने, केवळ अधिक सावकाश, विसरतात. एवढ्या लहानशा गुणाकारात गतकालाला किती मान द्यावा आणि वर्तमानाला किती, याचा जो विवेक साधला आहे, तो मला अत्यंत सुंदर वाटतो.

खिडकी वाचताना एक गोष्ट मात्र शिकावी लागते. लोड 1 च्या वर गेला की आलेखात एक आडवी रेषा उमटते, 2 च्या वर गेला की दोन, आणि प्रत्येक नव्या रेषेसरशी साऱ्या जुन्या रेघा आपोआप बुटक्या होतात, कारण खिडकीची उंची तेवढीच राहते आणि माप बदलते. उंची पाहू नये, रेषा मोजाव्यात.

या खिडकीचे खरे उपकार मला एका पावसाळ्यात कळले. सुमारे दोन हजार पानांची चित्रे मी बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर नकलून ठेवीत होतो. पंखा निःशब्द होता, प्रोसेसर किती गुंतला आहे ते दाखवणारा टॉप हा कार्यक्रम तो जवळजवळ रिकामा असल्याचे सांगत होता, आणि एक्सलोडमध्ये मात्र एकामागून एक पाच रेषा चढल्या. प्रथम मला खिडकीचाच संशय आला. मग प्रक्रियांची यादी काढली, तेव्हा पाच-सहा नावांसमोर स्थितीच्या रकान्यात डी हे अक्षर दिसले, आणि त्यांना थांबण्याचा हुकूम दिला तर तो हुकूमही त्यांच्यापर्यंत पोचेना. ही कामे प्रोसेसरची नव्हे, डिस्कच्या उत्तराची वाट पाहत होती, आणि ते उत्तर आल्यावाचून त्यांना दुसरे काही ऐकूच येत नाही. लिनक्समध्ये अशा तटलेल्या कामांचीही गणना व्हावी ही दुरुस्ती माथियास उर्लिक्स यांनी 1993 साली सुचवली. वेगवान डिस्कच्या जागी संथ डिस्क बसवली असता यंत्र मंदावते आणि लोड मात्र उतरलेला दिसतो, ही विसंगती त्यांना खटकली होती. सबब, माझी खिडकी खोटे सांगत नव्हती. डिस्कची केबल आत तुटत आली होती. ती बदलली आणि नक्कल पुन्हा आरंभापासून केली. आधी नकलून झालेल्या पानांपैकी अकरा पाने खराब निघाली, त्यांची मूळ चित्रे अद्याप मजजवळ होती म्हणून निभावले. प्रोसेसरच्या टक्केवारीवर विसंबून मी ती तेव्हाच पुसून टाकली असती, तर त्यांतील दोन पुस्तके पुन्हा हाती लागली नसती.

त्या दिवसापासून काम संपल्यावर मी लगेच उठत नाही. चार पाने एकदम स्वच्छ करायला घेतलेली असतात, यंत्राच्या स्वतःच्या किरकोळ कामांची भर पडून लोड 4 च्या किंचित वर गेलेला असतो आणि खिडकीत चार रेषा असतात. शेवटचे पान संपते, पंखा उतरतो, आणि काळा डोंगर एका मिनिटात दीडपर्यंत, तीन मिनिटांत अर्ध्याच्या खाली ढळतो. चारही रेषा तशाच टिकून राहतात, कारण डोंगर अजून खिडकीत आहे. मग केव्हातरी आलेख अर्ध्याने मागे सरकतो, आणखी 10 मिनिटांनी पुन्हा सरकतो, शेवटचे शिखर डाव्या काठापलीकडे जाते आणि त्याच क्षणी रेषा नाहीशा होऊन तळाशी पडलेली, डोळ्यांना न दिसणारी बारीक लहर पाचपट उंच होऊन समोर येते. यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची, नोंदींची, जाळ्यावरच्या किरकोळ पत्रव्यवहाराची ती लहर थोडा वेळ पाहून मी दिवा मालवतो.