पुढे एकच चक्री

जुन्या माउंटन बाइकला पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांच्या तीन चक्र्या आणि मागे आठ असतात. म्हणजे चोवीस गिअर? कागदावरच. पुढे ४२ मागे २८, पुढे ३२ मागे २१, पुढे २२ मागे १५ : तिन्ही जोड्यांत पायडलच्या एका फेरीला चाक साधारण दीडच वेळा फिरते.

म्हणून थोरली नि धाकटी चक्री काढा, मधली ठेवा. पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि शिफ्टरही उतरवा. एकाच चक्रीला पुरतील असे आखूड बोल्ट मात्र हवेत.

खरी अडचण चेन निसटण्याची. जुन्या मधल्या चक्रीचे दाते चेन सहज सुटावी म्हणूनच घडवलेले असतात. त्यामुळे पैसे खर्चायचेच तर आलटून पालटून जाड-बारीक दात्यांच्या चक्रीवर खर्चा. चेनची कडीही एक रुंद, एक अरुंद अशीच असते. दाता तिच्यात घट्ट बसतो. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये ही रचना एक्सएक्स-१ संचात आणली. दाते अर्थातच सम संख्येत.

मागची सर्वांत मोठी चक्री ३२ दात्यांची असेल, तर सर्वांत हलका गिअर ०.६९ वरून १ वर येतो. रोज घाट चढणाऱ्यांनी धाकटी चक्री काढू नये.